छत्तीसचा आकडा

वाघाला बेशुद्ध करणारा डॉक्टर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कुणीतरी उंचापुरा, दाढी राखलेला, खिसेच खिसे असलेलं जाकीट घातलेला माणूस येतो. मी समोर आलो की त्यांचा चेहरा पडतो. मी मुळात गुराढोरांचा डॉक्टर. लाळ्या-खुरकुताच्या लसी टोचायच्या, अडलेली गाय सोडवायची, कृत्रिम रेतन करायचं आणि मेलेल्या बकरीच्या विम्याच्या कागदांवर सह्या करायच्या, यात माझी उमेदीची वर्षं गेली. नोकरीचा बराचसा काळ म्हशीच्या मागच्या बाजूला उभं राहून काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर शिकाऱ्याचं तेज कुठून येणार?

पण चंद्रपूर जिल्ह्यात पशुवैद्य असलात की वाघ तुम्हाला चुकत नाही. ताडोबाचं राष्ट्रीय उद्यान १९५५चं, अंधारी अभयारण्य १९८६चं, दोन्ही मिळून १९९५मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. ही हद्द वाघांना मात्र कुणी वाचून दाखवलेली नाही. ते ब्रह्मपुरीच्या धानाच्या बांध्यांत असतात, सिंदेवाहीच्या नाल्यात असतात, चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आवारातल्या झुडपांत असतात, वैनगंगा ओलांडून वडशाला जातात आणि मनात आलं की परत येतात. ऑक्टोबर २०२०मध्ये राजुऱ्याकडचा आरटी-१ वाघ धरला. १३ ऑक्टोबर २०२२ला गडचिरोलीतल्या वडसा वनपरिक्षेत्रात सीटी-१ धरला, त्याच्या नावावर तर १३ माणसं होती. ही कामं करणाऱ्या लोकांसमोर मी मान खाली घालून उभा राहतो. मी त्यांच्यातला नाही. मी राखीव यादीतला. म्हणजे सगळे दुसरीकडे गुंतलेले असले, प्राणी आकाराने बेताचा असला आणि बाकी कुणाचाच फोन लागत नसला, तर मला बोलावतात.

या राखीवपणामुळे माझ्याकडे भरपूर रिकामा वेळ होता, आणि रिकामा वेळ मिळाला की माझ्या डोक्यात सुधारणा येतात.

आमच्या त्या बंदुकीबद्दल आधी थोडं सांगतो. तिला गावाकडे इंजेक्शनची बंदूक म्हणतात आणि ते अगदी बरोबर आहे. तिच्यात दारू नसते, गॅस असतो. कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्यातून ठरावीक दाब भरायचा, तो दाब एका गोल घड्याळावर दिसतो, आणि चाप ओढला की लांब नळीतून डार्ट सुटतो. डार्ट म्हणजे शेपटीला लाल गोंडा लावलेली इंजेक्शनची नळीच. पुढच्या कप्प्यात औषध, मागच्या कप्प्यात दाबून भरलेली हवा. सुईचं भोक टोकाला नसून बाजूला असतं आणि त्यावर इवलीशी रबरी बाही चढवलेली असते. सुई कातड्यात शिरली की बाही मागे सरकते, भोक उघडं पडतं, मागची हवा दट्ट्या ढकलते आणि औषध आत जातं. ज्याने हे शोधून काढलं त्याचे पाय धुऊन पाणी प्यावं इतकं साधं आणि सुंदर काम आहे.

सगळा खेळ दाबाचा. अंतर ओळखायचं, तक्त्यात पाहायचं, तेवढाच दाब भरायचा. कमी पडला तर डार्ट मध्येच जमिनीवर आपटतो. जास्त झाला तर हाड मोडतं, आणि जनावर बेशुद्ध व्हायच्या ऐवजी कायमचं लंगडं होतं किंवा मरतं. म्हणून घड्याळ नीट वाचता यायला हवं. बंदुकीवर दुर्बीणही असते. तिच्या डोक्यावर एक खटक्यांची चकती असते, वरखाली करायची, आणि बाजूला दुसरी, डावीउजवीकडे करायची. त्यांवर बारीक रेघा आणि आकडे कोरलेले असतात. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ते दिवसाही चष्म्याशिवाय दिसत नाहीत, मग तिन्हीसांजेला काय दिसणार!

आता कुणी जाणकार विचारेल, की डॉक्टर, तिन्हीसांजेनंतर बंदूक हातात घ्यायचं कारणच काय? प्रश्न रास्त आहे. अंधार पडला की डार्ट मारायचा नाही, ही या कामातली पहिली शिकवण. डार्ट लागल्यावर जनावर जागच्या जागी पडत नाही, दहा-पंधरा मिनिटं चालत राहतं. अंधारात ते कुठे गेलं, नाल्यात तोंड खुपसून पडलं की विहिरीत गेलं, कुणी सांगू शकत नाही. नोव्हेंबर २०१८मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या टी-१ वाघिणीवर रात्री गोळी झाडली गेली, तेव्हा केवढा गदारोळ उठला तो सगळ्यांनी पाहिलाय. हे मला माहीत होतं. प्रशिक्षणात वहीत लिहून, खाली रेघ मारून घेतलं होतं. पण सुधारणा डोक्यात शिरली की वही आठवत नाही.

झालं असं, की एका सरावात संध्याकाळ झाली आणि मला घड्याळावरचा काटा दिसेना. टॉर्च लावला. काटा दिसला, पण टॉर्च विझवल्यावर समोर निशाण म्हणून टांगलेलं पोतं दिसेना. डोळा अंधाराला पुरता सरावायला अर्धा तास घेतो आणि एका झगझगीत उजेडात ती सगळी कमाई घालवून बसतो. शिवाय खरं जनावर समोर असतं तर टॉर्च लागताच ते सावध झालं असतं. त्या रात्री घरी जाताना मला वडिलांचं रेडियमचं घड्याळ आठवलं. लहानपणी पांघरुणात डोकं घालून त्याचे हिरवे आकडे मी तासन् तास पाहायचो. बंदुकीला तसेच हिरवे आकडे असले तर? मला वाटलं, जगात हा विचार मलाच पहिल्यांदा सुचला. नंतर कळलं की शंभर वर्षांपूर्वीच्या फौजांनाही तो सुचला होता.

दुसऱ्या दिवशी चंद्रपुरातल्या जटपुरा गेटकडे गेलो. आपल्याकडे रेडियम म्हटलं की नंबर प्लेटवाला. त्याच्या दुकानातला पोरगा मशीनवर चिकटपट्टी कापत बसला होता.

"रेडियम पाहिजे. अंधारात चमकणारं."

"मंग! चमकतेच ना सर. कोणती गाडी?"

"गाडी नाही. बंदूक."

पोराने वर पाहिलं, मला आपादमस्तक न्याहाळलं, आणि माझ्याकडून कसलाही धोका संभवत नाही हे ओळखून परत मान खाली घातली. "नाव टाकाचं का? आईबाबांचा आशीर्वाद वगैरे?"

मी नुसत्या रेघा आणि आकडे सांगितले. त्याने ते सुबक कापून दिले आणि वर 'जय महाकाली माता' असं एक स्टिकर फुकट दिलं. ते मी बंदुकीच्या पेटीवर लावलं. माझ्या सगळ्या प्रयोगात टिकलं ते तेवढंच, आजही आहे.

रात्री घरातले दिवे घालवून पाहिलं तर काही नाही. ठार अंधार. मग टॉर्च मारला, तर आकडे असे पेटले की वाचताच येईनात, डोळ्यांपुढे नुसते पांढरे डाग. ती चिकटपट्टी स्वतः चमकत नाही. तिच्यातले काचेचे बारीक मणी, आलेला उजेड आल्या वाटेने परत पाठवतात. म्हणून ट्रकच्या मागची पट्टी आपल्या गाडीच्या दिव्यात उजळते आणि दिवा घालवला की मरते. टॉर्च टाळायसाठी आणलेल्या वस्तूला टॉर्चच लागत होता. चूक पोराची नव्हती. त्याने मला गाडी विचारली होती.

मग मी वाचायला बसलो. वाचन हा माझा दुसरा शत्रू. खरं रेडियम १८९८मध्ये क्युरी दांपत्याने शोधलं. पुढे त्याचा रंग करून घड्याळांचे आकडे रंगवायची टूम निघाली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीच्या कारखान्यात मुली हे काम करायच्या. कुंचल्याला बारीक टोक यावं म्हणून तो ओठात धरून ओढायची त्यांना सवय लावली होती. गंमत म्हणून त्या नखांना, दातांनाही तो रंग लावत. काही वर्षांनी त्यांच्या जबड्याची हाडं झिजून गळायला लागली. १९२७मध्ये त्यांच्यातल्या पाच जणींनी कंपनीला कोर्टात खेचलं. रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. त्या मुली गेल्या, पण त्यांच्या हाडांतलं रेडियम अजून आहे. त्यानंतर ट्रिटियम आलं, ते बारा वर्षांत निम्मं होतं. आणि १९९३मध्ये जपानच्या नेमोटो कंपनीने स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची पूड आणली. हिच्यात किरणोत्सर्ग नाही. उजेड पिऊन ठेवते आणि अंधारात हळूहळू सोडते. हल्ली घड्याळांपासून जिन्यांच्या पायऱ्यांपर्यंत हीच असते, आणि ती ऑनलाइन मिळते. मी लगेच मागवली.

पूड आली, पण ती चिकटवायची कशात? पारदर्शक, पटकन वाळणारं, छोट्या कुंचल्यासकट असं काही हवं होतं. ते घरातच होतं.

"अहो, ते माझं नेलपॉलिश आहे," मागून आवाज आला.

"सरकारी कामाला लागतंय."

"सरकार नखं रंगवतंय?"

मी तिला बंदूक, घड्याळ, अंधार, बिबट, डोळ्यांचं सरावणं हे सगळं नीट समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग दिवसा का नाही मारत?" मी म्हटलं, दिवसाच मारतात. त्यावर ती काही बोलली नाही. लग्नाला वीसेक वर्षं झालेल्या घरात न बोलण्याला फार अर्थ असतो.

रंगवायला रात्रीच बसलो. दुर्बिणीच्या दोन्ही चकत्यांवरच्या रेघांवर एकेक ठिपका दिला. घड्याळाच्या काचेवर आकडे काढले. आणि मुख्य म्हणजे बंदुकीच्या दस्त्यावर अंतर आणि दाबाचा तक्ताच लिहून काढला, म्हणजे कागद शोधायला नको. आकडे देवनागरीत काढले. अभिजात भाषेचा दर्जा मिळालेली आपली मराठी, बंदुकीवर का नसावी? कुंचला नखांसाठी केलेला, जाड. टोक येईना. मी तो ओठात धरून ओढला. दोनदा ओढल्यावर मला न्यू जर्सीच्या मुली आठवल्या आणि मी ताडकन उठून बेसिनकडे धावलो. पूड किरणोत्सर्गी नाही हे मीच तासाभरापूर्वी वाचलं होतं, तरी चूळ भरताना हात थरथरत होते. त्या गडबडीत मिशीला, नाकाला आणि डाव्या कानाला तो रंग लागला. दिवा चालू असल्यामुळे ते मला दिसलं नाही. नेलपॉलिश पाण्याने निघत नाही, हेही त्या रात्री माझ्या लक्षात आलं नाही.

दिवे घालवले. बंदूक हिरवीगार पेटली. असा आनंद मला एमपीएससीचा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता. त्या आनंदात मी एक हिशेब करायचा विसरलो. दुर्बिणीच्या चकतीचा एक खटका शंभर मीटरवर निशाण सात मिलिमीटर हलवतो. आम्ही डार्ट मारतो वीसेक मीटरवरून. तिथे एक खटका म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. आणि वाऱ्यात डोलत जाणारा तो गोंडेवाला डार्ट स्वतःच्या मर्जीने वीतभर इकडेतिकडे होतो. दीड मिलिमीटरचे ठिपके मी तीन थर देऊन चमकवले होते. खरं तर बंदूक एकदा लावून घेतली की या चकत्यांना कुणी हातच लावत नाही. धूळ जाऊ नये म्हणून त्यांच्यावर झाकणं असतात. माझे ठिपके झाकणांच्या आत होते.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडया म्हणजे गावजत्रा सुरू होतात आणि मंडईच्या रात्री नाटक असतंच. वडशाच्या कंपन्या ट्रकमधून पडदे, पेट्या, नट घेऊन गावोगाव फिरतात आणि रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं. थंडीत गोधड्या पांघरून हजारो माणसं बसलेली असतात. माझ्या रंगकामानंतर लगेचच अशाच एका मंडईच्या गावात, नागभीड-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात, दिवस मावळताना एक बिबट बकऱ्यांच्या कोठ्यात शिरला. घरमालकाने मोठ्या हुशारीने बाहेरून दार ओढून कडी लावली. बकऱ्यांचं मात्र वाईट झालं. बाकी सगळे कुठेतरी अडकलेले, म्हणून मला फोन आला.

मी पोहोचलो तेव्हा अंधार झाला होता. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांनी, म्हणजे आमच्या भाषेत आरएफओ साहेबांनी, पोचल्या पोचल्या सांगितलं, "डॉक्टर, डार्टचं नाव काढू नका. दाराला पिंजरा भिडवतो, मग दार उघडतो. तो आपोआप येईल. तुम्ही फक्त बाजूला बसा." यात एका शब्दानेही फरक करण्यासारखं काही नव्हतं. बिबट अनुसूची एकमधला प्राणी. त्याला पकडायला वन्यजीव कायद्याप्रमाणे नागपूरच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, तीही साहेबांनी घेऊन ठेवली होती. मी गप्प बसायला हवं होतं.

"तयारी असू द्या साहेब," मी म्हटलं. "पाणी भरलेला डार्ट घेऊन बंदूक तपासून ठेवतो. मला उजेड लागत नाही." शेवटचं वाक्य जरा मोठ्याने म्हटलं.

शाळेच्या मागे, जिथे पलीकडे माणूस नव्हता, फक्त तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, ढीग होता, तिथे वनरक्षकाने पोत्यात गवत भरून टांगलं. मी पेटी उघडली. बंदूक काळी ठिक्कर. आकडे दिवसभर पेटीत होते, उजेड प्यायला मिळाला नव्हता, मग सोडणार काय? त्यांना आधी पाजायला हवं होतं. मी टॉर्च लावून दोन मिनिटं तो बंदुकीवर धरला. आकडे उजळले आणि मी आंधळा झालो. ज्या टॉर्चला टाळायसाठी मी एवढं केलं होतं, तो टॉर्च आधी लावल्याशिवाय यंत्रणा सुरूच होत नव्हती.

डोळे जरा सरावल्यावर घड्याळ पाहिलं. काचेवर आकडे झळझळत होते. काटा कुठेच नव्हता. काटा काचेच्या आत असतो, मी रंगवला होता काचेच्या वर. हिरव्या उजेडाच्या मागे तो बिचारा पूर्ण दिसेनासा झाला होता.

"भाऊ, जरा घड्याळावर टॉर्च मार," मी वनरक्षकाला हळूच म्हटलं.

"आकडे दिसून राह्यले ना जी?"

"आकडे दिसतात. काटा दिसत नाही."

तो काही बोलला नाही. त्याने आणि माझ्या बायकोने एकाच शाळेत शिक्षण घेतलं असावं.

अंतर पावलांनी मोजलं आणि दस्त्यावरच्या माझ्या हिरव्या तक्त्यात दाब पाहिला. ६. मला अंतराच्या मानाने तो जास्त वाटला, पण लिहिलेलं मीच होतं आणि सरकारी माणूस लिहिलेल्यावर शंका घेत नाही. वनरक्षकाच्या टॉर्चच्या उजेडात दाब सहावर नेला. बंदूक खांद्याला लावली, पोत्याच्या मध्यावर नेम धरला आणि चाप ओढला.

डार्ट पोत्याच्या वरून, टांगलेल्या दोरीच्याही वरून, सणसणत गेला आणि तणसाच्या ढिगात घुसला.

दस्त्यावर लिहिताना मी बंदूक मांडीवर उलटी धरली होती, तिची नळी माझ्या पोटाकडे होती. खांद्याला लावल्यावर सगळा तक्ता उलटा झाला. ३ उलटा केला, आणि तो नखांच्या जाड कुंचल्याने काढलेला असला, की त्याचा ६ होतो. एकमेकांकडे पाठ करून बसणारे हे दोन आकडे, छत्तीसचा आकडा म्हणून ज्यांची आपण शतकानुशतकं उदाहरणं देतो, मला तेव्हा आठवायला हवे होते.

मी म्हटलं, जाऊ द्या, पाणीच होतं. मग माझ्यातला गुरांचा डॉक्टर जागा झाला. ढिगात दीड इंची जाड सुई होती. गाय चारा निवडून खात नाही. कडबा, तणीस, त्यातली तार, खिळा, सुई, सगळं ओढून गिळते. ते जाळीपोटात जाऊन बसतं. जाळीपोट आणि हृदय यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. तार त्यातून आरपार जाते. अशा गाई मी पुष्कळ पाहिल्यात. त्या कण्हत उभ्या राहतात, कोपरं बाहेर काढतात, उतार उतरायला तयार होत नाहीत आणि बहुतेक वाचत नाहीत. ज्यांचं तणीस त्यांची दुभती गाय दहा पावलांवर बांधली होती आणि माझ्याकडे पाहत रवंथ करत होती.

डार्ट सापडेपर्यंत तिथून हलणं शक्य नव्हतं. डार्ट जडसंग्रह नोंदवहीत चढवलेला असतो ही आणखी वेगळी भानगड.

आम्ही पेंढ्या एकेक करून काढायला लागलो. मी, वनरक्षक, घरमालक, त्याची दोन पोरं. तोवर नाटकाचा पहिला अंक संपला आणि चहाला उठलेली माणसं, शाळेमागे काय चाललंय म्हणून जमा झाली. बिबट्याच्या कोठ्याकडची गर्दी कमी झाली म्हणून आरएफओ साहेबांना तेवढं बरं वाटलं. लोकांनी मोबाइलचे टॉर्च लावले. कुणीतरी विचारलं, काय हरवलं जी? डॉक्टरची सुई, कुणीतरी सांगितलं. आणि मग, मोबाइलची बॅटरी वाचवायला म्हणून, एकदम सगळ्यांनी टॉर्च बंद केले.

एका बाईने किंकाळी फोडली.

इतका वेळ पन्नासेक टॉर्चचा उजेड पिऊन माझं नाक, मिशी आणि डावा कान हिरवे पेटले होते. बाकी अंग दिसत नव्हतं.

"डॉक्टर साहेब, तुमच्या नाकाले काय झालं जी?"

"काही नाही. रेडियम आहे."

"आँ? नाकाले कावून लावलं बाप्पा?"

गर्दीतून गळ्यात मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ पुढे आले. ते नाटकाचे व्यवस्थापक. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे व्यावसायिक नजरेने पाहिलं आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "तुमची एंट्री कोणत्या अंकात हाये जी?"

या प्रसंगानंतर माझ्या मनात आलेला पहिला विचार नाकाचा नव्हता. हाच चेहरा घेऊन मी दबा धरून बसणार होतो! अंधारात माणसाच्या डोळ्याला हिरवा उजेड सगळ्यात चांगला दिसतो. बिबट्याचा डोळा तर आपल्यापेक्षा कितीतरी कमी उजेडात काम करतो, त्याच्या डोळ्याच्या पडद्यामागे आरसाच असतो. मी झुडपात लपून बसलेला बिबट्याला नवरात्रातल्या अखंड ज्योतीसारखा दिसलो असतो.

आणि दुसरा विचार याहून वाईट होता. मी चकत्या रंगवल्या, काच रंगवली, दस्ता रंगवला, नाक रंगवलं. अंधारात चमकणं ज्याच्या बाबतीत खरोखर उपयोगाचं होतं, म्हणजे जो सुटतो, पडतो, हरवतो आणि शोधावा लागतो, तो डार्ट मी रंगवला नव्हता.

तिकडे कोठ्याच्या दाराला पिंजरा भिडवून, दार उघडून, साहेब आणि त्यांची चार माणसं मुकाट बसून होती. आम्ही सगळा गाव शाळेमागे तणीस उचकत होतो, त्यामुळे कोठ्याभोवती कधी नव्हे ती शांतता झाली. मध्यरात्रीनंतर बिबट स्वतःच उठून बाहेर आला आणि पिंजऱ्यात जाऊन बसला. झडप पडल्याचा आवाज आम्हाला नाटकाच्या तबल्यात ऐकूही आला नाही. सकाळी मी त्याला तपासलं. जेमतेम दोन वर्षांचा नर, अंगावर ओरखडाही नाही. तो माझ्या नाकाकडे पाहत होता असं मला वाटलं, पण दिवसा ते चमकत नसल्यामुळे तो माझा भ्रम असावा.

डार्ट उजाडल्यावर घरमालकाच्या धाकट्या पोराला सापडला, ढिगाच्या अगदी तळाशी. मी त्याला शंभर रुपये दिले. तणीस परत रचून द्यायची मजुरी वेगळी.

घरी येऊन मी नेलपॉलिश काढायचं द्रव्य घेतलं, तेही बायकोचंच, आणि सगळं पुसायला बसलो. त्यात ॲसिटोन असतं. हिरवे ठिपके निघाले आणि त्यांच्याबरोबर चकत्यांवरचे कारखान्याचे मूळ पांढरे आकडेही निघाले. दाबाच्या घड्याळाची काच काच नव्हती, प्लॅस्टिक होतं. ॲसिटोन लागताच ती दुधी झाली. आता ते घड्याळ दिवसाही वाचता येईना. नोंदवहीत मी 'वापरातील झीज' असं लिहिलं. साहेबांनी ते खोडून माझ्या नावापुढे रक्कम लिहिली. ती मी भरली. नाकाचा रंग आपोआप जायला बराच काळ लागला आणि तेवढे दिवस रात्रीच्या जेवणाला घरात वीज गेली की मुलं हसायची.

राखीव यादीत मी अजून आहे. फक्त माझ्या नावापुढे कंसात 'दिवसा' असं लिहिलंय.

आता तुमच्यासाठी एवढंच. गोठ्यात, घरात बिबट शिरलेला दिसला तर जमल्यास बाहेरून दार ओढून घ्या, काठ्या-दगड घेऊन जमू नका, व्हिडिओ काढायला खिडकीत डोकं घालू नका, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. बहुतेक वेळा पिंजराच काम करतो. आणि मदतीला आलेला डॉक्टर, मला उजेड लागत नाही असं म्हणाला, तर त्याच्या हातात आधी एक टॉर्च द्या.